रेडिओवरून उतरलेली जुनी गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जुन्या गाण्यांची श्रवणसत्रे भरवताना आणि रेडिओवरील जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी निवड करताना आजच्या दृष्टीला खटकणारी जुनी गाणी रेडिओवरून का उतरवली जातात, याविषयी श्रोते आम्हाला काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काहींचा सूर दुखावलेला असतो, काहींचा रागाचा, आणि अनेकांना खरोखरच समजून घ्यायचे असते. त्या सर्वांसाठी ही उत्तरे एकत्र केली आहेत. काही गाणी सर्वसाधारण प्रसारणातून उतरवणे आम्हाला योग्य वाटते, परंतु ती गुपचूप उतरवणे आणि नष्ट होऊ देणे अजिबात योग्य वाटत नाही. पुढील उत्तरे याच भूमिकेतून लिहिली आहेत.

गाणे रेडिओवरून उतरवले, म्हणजे नेमके काय होते?

बहुतेक वेळा कोणताही आदेश निघत नाही. खाजगी एफएम केंद्रावर कोणत्या वेळी कोणते गाणे लागणार हे सहसा निवेदक ठरवत नाही. संगीत विभाग चालू गाण्यांची एक यादी राखतो आणि त्या यादीतून संगणकप्रणाली दिवसाचा क्रम लावते. या यादीत एखाद्या गाण्यापुढे ‘तूर्त नको’ अशी खूण झाली, की ते गाणे पुढच्या क्रमात येत नाही, आणि ही ‘तूर्त’ची मुदत कोणी तपासली नाही तर वर्षानुवर्षे चालू राहते. आकाशवाणीवर कार्यक्रमाची क्यूशीट, म्हणजे गाण्यांच्या क्रमाचा लेखी तक्ता, आधी तयार होते. तेथे निवड करणारी व्यक्ती एखादे गाणे लिहीत नाही, एवढ्यावरच काम भागते.

मात्र जे गाणे ऐकू येत नाही ते दृष्टिकोन बदलल्यामुळेच गेले, असे मानण्याची घाई करू नये. कधी प्रसारणाच्या हक्कांचा आणि मानधनाचा करार संपलेला असतो, कधी उपलब्ध ध्वनिमुद्रण फार खराब झालेले असते, आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जाहिरातदारांना हवा असलेला श्रोता तरुण असतो. पन्नास-साठच्या दशकांतील शेकडो निरुपद्रवी, सुंदर गाणी केवळ या शेवटच्या कारणाने मागे पडली आहेत. त्यांच्याविषयी कोणी वाद घालत नाही, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

मग बंदी कोण घालते? सरकार की सेन्सॉर बोर्ड?

चित्रपट प्रमाणन मंडळ चित्रपटाला प्रमाणपत्र देते. रेडिओवर केवळ ऐकवल्या जाणाऱ्या गाण्याला त्याचे वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. खाजगी एफएम केंद्रांना परवान्याच्या करारानुसार आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळावी लागते. अश्लीलता, हिंसेला चिथावणी, धर्म वा समाजगटांची निंदा अशा गोष्टींना त्या संहितेत मनाई आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने एफएम केंद्रांना सूचनापत्र पाठवून दारू, अमली पदार्थ, शस्त्रे आणि गुंडगिरी यांचा गौरव करणारी गाणी वाजवू नयेत, असे बजावले होते. परंतु या पानावर ज्या गाण्यांचा विचार आहे, ती सहसा अशा सूचनेमुळे जात नाहीत. ती केंद्रातील एखाद्या व्यक्तीला अवघडल्यासारखे वाटले म्हणून जातात.

पूर्वी असे काही होत नव्हते, हे खरे आहे का?

नाही. उलट पूर्वीचे निर्बंध आजच्यापेक्षा कितीतरी कडक होते, आणि त्यांची कारणे आज आपल्याला पटणारीही नाहीत. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमलाच दार बंद केले आणि ते दार १९७१ मध्ये उघडले, तेही अंशतःच. ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीशिवाय उभे राहत नाही, तेथील श्रोत्यांनी हा निर्णय कसा सोसला असेल याची कल्पना करावी. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. ही गाणी हलक्या अभिरुचीची आहेत, अशी त्यांची धारणा होती. श्रोत्यांनी ती धारणा स्वीकारली नाही. त्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली, जेथे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला चित्रपटगीतांसाठी जागा करून द्यावी लागली. त्या काळात आकाशवाणीने सुगम संगीतावर दिलेला भर मात्र वाया गेला नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण प्रसारित झाले, ते याच वर्षांत.

आणीबाणीत १९७६ मध्ये किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली, ती गाण्यांत दोष होता म्हणून नव्हे, तर सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमात गाण्यास त्यांनी नकार दिला म्हणून. हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगतो. बंदीची जुनी उदाहरणे सत्तेची वा अभिरुचीची आहेत. आज चाललेली निवड त्याहून वेगळ्या पायावर उभी राहू शकते, परंतु ती तशी उभी आहे की नाही हे दर वेळी तपासावे लागते.

आज कोणत्या प्रकारची गाणी उतरवली जातात?

सर्वांत मोठा गट पाठलागाच्या गाण्यांचा आहे. नायिका नको म्हणते, मान फिरवते, चालू लागते, आणि नायक मित्रांच्या टोळीसह तिची वाट अडवून गातो, ही रचना हिंदी आणि मराठी चित्रपटांत अनेक दशके इतकी रुळलेली होती की ती प्रेमगीताचीच एक रीत मानली गेली. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने स्त्रीचा तिच्या इच्छेविरुद्ध पाठलाग करणे हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३५४-ड खाली स्वतंत्र गुन्हा ठरवला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. गाणे वाजवणे हा अर्थातच गुन्हा नाही. पण जी मुलगी सकाळी पीएमपीच्या बसथांब्यावर कोणाची तरी नजर चुकवत उभी आहे, तिला बसमध्ये चढताच चालकाच्या रेडिओवर तेच वर्तन लाडिक चालीत ऐकावे लागावे, हे आम्हाला मान्य नाही.

दुसरा गट वर्णाचा. गोऱ्या रंगाची स्तुती करणारी गाणी इतकी आहेत की ती सर्व काढली तर काही गीतकारांच्या वह्या अर्ध्या रिकाम्या होतील, आणि आम्ही तशी मागणीही करत नाही. गोरेपणाचे कौतुक आणि सावळेपणाची टिंगल यांत आम्ही फरक करतो. मोठ्या उद्योगांनाही ही बाब टाळता आली नाही. २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला.

तिसरा गट जातींच्या उल्लेखांचा. २००७ मध्ये ‘आजा नचले’ या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकगीतातील एका ओळीत मोची स्वतःला सोनार म्हणवतो अशी खिल्ली होती. उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावर बंदी घातली, निर्मात्यांनी क्षमा मागितली आणि ती ओळ काढली गेली. ते गाणे त्या वेळी नवे होते म्हणून लोक बोलले. त्याच प्रकारच्या जुन्या ओळी कित्येक विनोदी गाण्यांत तशाच राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पत्त्यात जे नाव लिहायचे नाही असे आपण ठरवले, ते गाण्यात हसण्यासाठी वापरले जात असेल तर त्याचा विचार करावाच लागेल.

याखेरीज तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींची नक्कल करणारी, आणि पत्नीला मारण्याचा विषय गमतीने घेणारी गाणी आहेत. दोन्हींविषयी आमचे मत स्पष्ट आहे : ती फर्माइशीच्या कार्यक्रमात येऊ नयेत.

पत्नीच्या मारहाणीचा उल्लेख आला की गाणे बाद, असा नियम आहे का?

असा नियम करणे हा अनर्थ ठरेल. जात्यावरच्या ओव्यांमध्ये नवऱ्याचा मार, सासरचा जाच, माहेरची ओढ हे सारे येते, आणि ते सोसणारी स्त्री स्वतः गाते. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आता त्या ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने वाचायला व ऐकायला मिळतात. शब्द हुडकून गाणी गाळणारी यंत्रणा लावली तर या ओव्या सर्वांत आधी गळून पडतील. म्हणून शब्द पाहू नये, गाणे कोणाच्या बाजूने उभे आहे ते पाहावे. मार खाणारीचे दुःख सांगणारे गाणे आणि मारणाऱ्याला टाळी मिळवून देणारे गाणे, यांच्यात एकही शब्द वेगळा नसतो असेही कधी घडते. चाल, आवाज आणि ठेका ऐकूनच ते ओळखावे लागते, आणि म्हणूनच हे काम कान असलेल्या माणसाने करायचे आहे.

परदेशांत हा प्रश्न कसा हाताळला गेला?

निरनिराळ्या पद्धतींनी, आणि त्यातील काही पद्धतींपासून आपण शिकावे असे आम्हाला वाटते.

‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ हे युगुलगीत फ्रँक लेसर यांनी १९४४ मध्ये पत्नीसह घरगुती मेजवान्यांत गाण्यासाठी लिहिले. पुढे ते एका चित्रपटात आले आणि त्याला ऑस्करही मिळाले. त्यात पाहुणी निघते म्हणते आणि यजमान तिला थांबवत राहतो. २०१८ च्या नाताळात अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या एका केंद्राने ते बंद केले. कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेनेही ते थांबवले आणि श्रोत्यांचा विरोध पाहून पुन्हा सुरू केले. दोन्ही बाजूंना काही आधार आहे. आजच्या कानाला त्यात नकाराची अवहेलना ऐकू येते. चाळिसाच्या दशकातील स्त्रीला ‘मला थांबायचे आहे’ असे उघड म्हणता येत नव्हते, म्हणून ती सबबी शोधते, असेही त्याचे वाचन आहे. असे दुहेरी वाचन शक्य असलेले गाणे एका ओळीच्या घोषणेने निकालात काढणे आम्हाला घाईचे वाटते.

‘मनी फॉर नथिंग’ या १९८५ च्या गाण्यात समलिंगी पुरुषांसाठी वापरला जाणारा अपशब्द आहे. तो एका असभ्य पात्राच्या तोंडी आहे, गायकाच्या नव्हे. कॅनडातील सेंट जॉन्स शहराच्या एका श्रोत्याने तक्रार केली, आणि जानेवारी २०११ मध्ये तेथील खाजगी प्रसारकांच्या मानक परिषदेने गाण्याचे मूळ रूप रेडिओसाठी अयोग्य ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परिषदेने पुनर्विचार करून निर्णय केंद्रांवर सोपवला. येथे तक्रार, कारण, निर्णय आणि पुनर्विचार हे सर्व लेखी व जाहीर होते. आपल्याकडे नेमके हेच घडत नाही.

बीबीसीने २०२० मध्ये ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ या १९८७ च्या नाताळगीताबाबत वेगळी वाट काढली. तरुणांसाठीच्या रेडिओ १ वर अपमानकारक शब्द बदललेले रूप आणि प्रौढांसाठीच्या रेडिओ २ वर मूळ रूप. ज्या तरुणाने तो शब्द केवळ हेटाळणी म्हणूनच ऐकला आहे आणि ज्या प्रौढाला ते भांडखोर जोडपे तीस वर्षांपासून ओळखीचे आहे, त्यांना एकच उत्तर दिले गेले नाही.

कधी निर्णय कलावंतच घेतात. रोलिंग स्टोन्सने १९७१ चे, गुलामगिरीच्या संदर्भाचे आपले ‘ब्राउन शुगर’ २०२१ च्या दौऱ्यात गायले नाही. कधी तो रेडिओबाहेर होतो. कार्डिफच्या क्रीडागृहात रग्बी सामन्यांपूर्वी गायकवृंद ‘डिलायला’ गात असे. त्या गाण्यात पुरुष प्रेयसीचा खून करतो, आणि २०२३ मध्ये वेल्सच्या रग्बी संघटनेने वृंदाला ते गाण्यास मनाई केली. खुनाचे कथागीत लिहूच नये असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हजारो प्रेक्षकांच्या जल्लोषाला ते योग्य आहे का, हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो.

गायकाच्या वर्तनामुळे त्याची सर्व गाणी बंद करणे योग्य आहे का?

हा निराळा प्रश्न आहे आणि तो या पानाच्या मुख्य विषयात मिसळू नये. २०१९ मध्ये एका माहितीपटातील आरोपांनंतर कॅनडा आणि न्यूझीलंडमधील काही केंद्रांनी मायकेल जॅक्सन यांची गाणी थांबवली. तेथे गाण्यात काय आहे हा मुद्दाच नव्हता. गाण्याच्या आशयाचा निर्णय ऐकून करता येतो, माणसाच्या वर्तनाचा निर्णय तसा करता येत नाही.

जुन्या गाण्यांना त्यांच्या काळाच्या मापाने मोजायला नको का?

मोजावे, आणि आम्ही मोजतो. लिहिणाऱ्याला दोष देताना त्याचा काळ अवश्य विचारात घ्यावा. पण आज वाजवण्याचा निर्णय आज घेतला जातो, तो त्या काळातील कोणी घेत नाही. १९६० मधला गीतकार निर्दोष असू शकतो आणि तरीही आज सकाळी आठ वाजता ते गाणे लावणारा निवडकर्ता चुकलेला असू शकतो. शिवाय ‘त्या काळी कोणाला काही वाटत नव्हते’ हे विधान आम्हाला पुरेसे खरे वाटत नाही. ज्यांची टिंगल होत होती, त्यांना तेव्हाही वाटत होते. फर्माइशीची पोस्टकार्डे लिहिणाऱ्यांत त्यांचा आवाज कमी होता, इतकेच.

ओळ बदलून किंवा कापून गाणे वाजवावे का?

आमचा कल नकाराकडे आहे. १९९४ मध्ये ‘खुद्दार’ या हिंदी चित्रपटातील गाण्यात ‘सेक्सी’च्या जागी ‘बेबी’ शब्द घालण्यात आला. श्रोते तरीही मूळच शब्द म्हणत राहिले. कापलेल्या जागेकडे लक्ष अधिक जाते. गायक-गायिका हयात असतील आणि त्यांनी स्वतः नवे शब्द गायले, तर ती वेगळी गोष्ट. दिवंगत कलावंताच्या आवाजावर कात्री चालवून ते गाणे त्याच्याच नावाने वाजवणे मात्र अप्रामाणिक आहे. त्यापेक्षा पूर्ण गाणे रात्रीच्या कार्यक्रमात, आधी दोन वाक्ये बोलून ऐकवावे.

या न्यायाने लावणी आणि द्व्यर्थी गाणीही जाणार का?

मुळीच नाही, आणि ही भीती ज्यांना वाटते त्यांची बाजू आम्ही गंभीरपणे घेतो. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर निर्बंध आणले होते. त्याचा फटका कोणत्या जातींच्या कलावंतांना, विशेषतः कोणत्या स्त्रियांना बसला, हे सांगण्याची गरज नाही. मध्यमवर्गाला जे असभ्य वाटले ते अनैतिक ठरले. शृंगारिक लावणीत बहुधा स्त्री स्वतः बोलते, मागते, नाकारते, थट्टा करते. तिच्या इच्छेला तेथे शब्द आहेत. ज्या आवाजाला एकेकाळी घरात ऐकण्यासारखा मानले जात नव्हते, त्या लावणीच्या आवाजासाठी सुलोचना चव्हाण यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्याआधी २०१२ मध्ये यमुनाबाई वाईकर यांना. दादा कोंडके यांच्या गाण्यांतील द्व्यर्थ कोणाला रुचेल, कोणाला नाही. तो अभिरुचीचा प्रश्न आहे, आणि तो केसकरांच्या पद्धतीने सोडवू नये. गाणे चावट आहे म्हणून आम्ही ते कधीही बाजूला ठेवत नाही. ते कोणाला तरी खाली पाडून हसत असेल, तरच ठेवतो.

गणपतीच्या मिरवणुकीत तर तीच गाणी वाजतात. मग रेडिओनेच का पाळायचे?

वाजतात, आणि लक्ष्मी रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला तेथून जाण्याखेरीज पर्याय नसतो, हेही खरे आहे. एका ठिकाणचा अविचार दुसऱ्या ठिकाणच्या अविचाराचे समर्थन ठरत नाही. मंडळांशीही आम्ही याविषयी बोलतो आणि काही कार्यकर्ते ऐकतात.

मला ही गाणी आवडतात. मी ती घरी ऐकण्यात काही गैर आहे का?

काहीही नाही. रेडिओ ही पंगत आहे, तेथे सर्वांच्या पानात एकच वाढले जाते. घरचे ताट आपले असते.

उतरवलेली गाणी जपली जातात का?

येथे आम्हाला खरी काळजी वाटते. १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे, आणि चित्रपटगीते निदान चित्रपटासोबत तरी तेथे टिकू शकतात. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांचा, म्हणजे खाजगी ध्वनिमुद्रिकांचा, कॅसेटवर आलेल्या पॉप आणि विनोदी गाण्यांचा वाली कोणी नाही. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात त्या तबकड्या आणि कॅसेट अजून मिळतात, आणि अनेकदा त्यांच्या शेवटच्या प्रती त्याच असतात. इंटरनेटवर सर्व काही आहे, हा समज सोडून द्यावा, कारण हक्कधारकाने गाणे काढून घेतले की ते एका दिवसात नाहीसे होते. अपमानकारक गाणेही अभ्यासकाला मिळाले पाहिजे. एखादा समाज कशावर हसत होता हे सांगणारा इतका थेट पुरावा दुसरा नाही. आपल्या घरी अशा ध्वनिमुद्रिका असतील तर त्या रद्दीत देऊ नयेत.

एखादे गाणे खटकले, किंवा उतरवलेले गाणे परत हवे असेल, तर श्रोत्याने काय करावे?

केंद्राला लेखी कळवावे. गाण्याचा मुखडा, वाजल्याची तारीख व वेळ, कार्यक्रमाचे नाव आणि नेमकी कोणती ओळ खटकली, एवढे लिहिल्यास निवडकर्त्याला ते गाणे शोधून ऐकता येते. ‘हल्ली काहीही लावतात’ अशा पत्रावर काहीच करता येत नाही. आकाशवाणीविषयी केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावरही लिहिता येते. गाणे परत हवे असेल तर तेही तितक्याच नेमकेपणाने लिहावे : ते का महत्त्वाचे आहे, कोणत्या वेळी आणि कोणत्या निवेदनासह लावता येईल. आणि दोन्ही पत्रांत एक मागणी अवश्य करावी, ती म्हणजे केंद्राने आपल्या निर्णयाचे कारण लेखी द्यावे.